सोळा ऑगस्टची सकाळ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पंधरा ऑगस्टचा दिवस पार पडला होता आणि रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी आगरहून शाळेकडे निघाले. आमच्याकडे ऑगस्टमध्ये चिकूच्या वाड्यांतले पाणी थेट रस्त्यावर येते, गटार कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नाही. छत्री सावरत कडेकडेने चालले होते, तर पुढे सहावीतली एक मुलगी गटाराशी ओणवी झालेली दिसली. वाटले, चप्पल वाहून गेली असेल. जवळ गेले तर तिच्या हातात कागदी झेंडे होते. चार-पाच भिजून लगदा झालेले, दोन प्लास्टिकचे, एकाची काडी मोडलेली.

"टीचर, ह्यांचं काय करायचं? सिपाऱ्याचं पान फाटलं तर अम्मी कचऱ्यात टाकू देत नाही. हे पण टाकायचे नाहीत ना?"

"नाही टाकायचे," मी म्हटले.

"मग?"

या 'मग'चे उत्तर मला येत नव्हते. बी.एड. होऊन वीस वर्षे झाली, दरवर्षी दोनदा झेंडावंदन केले, मुलांकडून भाषणे पाठ करून घेतली, पण दुसऱ्या दिवशी त्या झेंड्याचे काय करायचे हे कधी कोणी विचारले नव्हते आणि मीही शोधले नव्हते. तिला म्हटले, "माझ्या पिशवीत दे, उद्या सांगते." ओले झेंडे वहीच्या कागदात गुंडाळून शाळेत नेले.

त्या संध्याकाळी मी भारतीय ध्वजसंहिता पहिल्यांदा पूर्ण वाचली. लाज वाटली, पण वाचली. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली ही संहिता फार मोठी नाही, चहाचे दोन कप होईस्तोवर संपते. त्यात त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ दिलेले आहे. फाटलेला किंवा खराब झालेला ध्वज तुकडे न करता, संपूर्ण, खासगी जागी नष्ट करावा. शक्यतो जाळून, किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या एखाद्या पद्धतीने. कागदी झेंडे समारंभात हातात घ्यायला मुभा आहे, पण ते जमिनीवर टाकून द्यायचे नाहीत, त्यांचीही तशीच एकांतात विल्हेवाट लावायची.

म्हणजे त्या मुलीच्या अम्मीचा अंदाज बरोबर होता. आपल्या घरांत जुन्या पाक पानांचा अदब कसा राखायचा हे पोरांना सांगावे लागत नाही, ती पाहून शिकतात. कुरआनची पाने आणि झेंडा यांची बरोबरी मी करत नाही, कोणी करूही नये. पण ज्याची इज्जत केली त्याला सायंकाळी केराच्या टोपलीत टाकायचे नाही, ही समज आपल्या पोरांत आधीपासून आहे. तिला फक्त वापरायचे आहे.

आम्ही ते कागदी झेंडे बाकावर पसरून दोन दिवस वाळवले, कारण ओला कागद जळत नाही. शाळा सुटल्यावर मागच्या अंगणात आम्ही तीन शिक्षक आणि ती मुलगी एवढेच होतो. कोणी काही बोलले नाही. राख चिकूच्या मुळाशी टाकली. प्लास्टिकचे मात्र तसेच राहिले. ते जाळता येत नाहीत, धूर विषारी होतो. कातरायचेही नाहीत. दरवर्षी ऑगस्टच्या आधी प्लास्टिकचे झेंडे वापरू नका असे सरकारी परिपत्रक येते, आम्ही ते सूचनाफलकावर लावतो, आणि सिग्नलपासून स्टेशनपर्यंत तेच झेंडे विकायला येतात.

आता एक कबुली देते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावातल्या शाळेत, झेंडा बांधायचे काम माझ्याकडे आले. पहाटेचा अंधार, पाऊस, पाहुणे येऊन बसलेले. पाहुण्यांनी दोरी ओढली, फुले पडली आणि झेंडा उघडला तर हिरवा वर, केशरी खाली. राष्ट्रगीत सुरू झाले होते. बावन्न सेकंद इतके लांब असू शकतात हे मला तेव्हा कळले. नंतर झेंडा खाली घेऊन पुन्हा चढवला. मुख्याध्यापक चांगले होते, एवढेच म्हणाले, "बाई, घाई झाली." पण मैदानातून मागून एक वाक्य ऐकू आले, ते मी इथे लिहीत नाही. हिरवा वर का गेला याचा अर्थ त्या माणसाने माझ्या नावावरून लावला होता.

चूक एवढीच होती की झेंड्याची कोणती बाजू वर हे मी पाहिले नव्हते. खादीच्या झेंड्याच्या काठाला जाड पट्टी शिवलेली असते आणि तिच्यातून दोरी गेलेली असते. दोरीच्या वरच्या टोकाला लाकडी गुल्ली असते, ती केशरी रंगाकडे. गुल्ली कप्पीकडच्या दोरीला, मोकळे टोक खालच्या दोरीला. एवढे लक्षात ठेवले की पुरते. घडी घालण्याआधी एकदा पूर्ण चढवून पाहावा, मगच फुले घालून सरकगाठ मारावी. फुलांच्या पाकळ्या आत ठेवायला परवानगी आहे, दुसरे काही नाही. चढवताना झपाझप, उतरवताना सावकाश. त्या दिवसानंतर आजपर्यंत मी दुसऱ्या कोणाला झेंडा बांधू दिलेला नाही. मुले हसतात, हसू देत.

त्या मागच्या बाकावरच्या वाक्याने मात्र मला झेंड्याचा इतिहास वाचायला लावले. कारण वर्गातही तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. "टीचर, हिरवा आपला आणि भगवा त्यांचा, बरोबर ना?" दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी विचारतोच. याला 'चूक' म्हणून बसवून टाकणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. एकेकाळी तसेच होते.

१९२१ मध्ये बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसच्या बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्या या आंध्रच्या गृहस्थांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला. त्यात लाल आणि हिरवा असे दोन रंग होते, एक हिंदूंचा आणि एक मुसलमानांचा. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची. बाकीच्या धर्मांसाठी पांढरा पट्टा हवा असे गांधीजींनी सुचवले. तो झेंडा देशभर फिरला, पण तक्रारीही सुरू झाल्या. शीख म्हणाले, आमचा रंग कुठे? रंगांची अशी वाटणी करत बसलो तर कापड पुरणार नाही हे नेत्यांच्या लक्षात आले. १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तिच्यात सरदार पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग आणि मराठीत ज्यांचे लेखन आपण वाचतो ते काकासाहेब कालेलकरही होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असा झेंडा ठरला आणि ठरावातच स्पष्ट लिहिले गेले की या रंगांना कोणत्याही जमातीचा अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा.

म्हणून त्या मुलाला मी सांगते, दहा वर्षे तसा अर्थ होता, मग तो विचारपूर्वक काढून टाकला. कोणी काढला? त्यात मौलाना आझादही होते. पुढे संविधान सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचा अर्थ माती आणि तिच्यावर उगवणाऱ्या हिरवाईशी जोडला. माझ्या वर्गात तलासरीकडच्या वारली घरांतली मुले आहेत. ऑगस्टमध्ये त्यांच्या शेतात भात उभे असते. हा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

झेंडा हातात घेणे हाच गुन्हा होता असाही काळ आपल्या महाराष्ट्राने पाहिला आहे. १९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून, म्हणजे साहेबांच्या वस्तीतून, झेंडा घेऊन जायला बंदी होती. १ मे ते १८ ऑगस्ट रोज लोक झेंडा घेऊन निघाले आणि रोज पकडले गेले. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. दीड हजारांवर माणसे तुरुंगात गेली. शेवटी त्याच रस्त्यावरून मिरवणूक गेली. लक्षात घ्या, मागणी राज्याची नव्हती, एका रस्त्यावरून कापडाचा तुकडा घेऊन चालण्याची होती.

सोलापूरची हकीकत मला जास्त जवळची वाटते. एप्रिल १९३० मध्ये तिथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला. त्या काळी नगरपालिकेने असे करणे म्हणजे सरकारच्या डोळ्यांत बोट घालणे होते. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळले, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही. मग लष्करी कायदा आला आणि झेंडा दाखवणे हाही गुन्हा ठरला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून चार जणांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन विशीतला तरुण, 'गझनफर' नावाचे साप्ताहिक चालवणारा पत्रकार. चौघांची नावे सोलापुरात आजही एका दमात घेतली जातात. आपल्या किती घरांत पोरांना हे चौथे नाव माहीत आहे? मी वर्गात विचारले तेव्हा एकही हात वर आला नाही. दोष मुलांचा नाही. मलाही ते नाव बी.एड. झाल्यावर कळले.

फार लांब जायलाही नको. डहाणू रोडहून लोकलने चौथे स्टेशन पालघर. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. हुतात्मा चौकातून आपण कितीदा रिक्षा पकडतो. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी तिथे थांबून मुलांना ती पाच नावे वाचून दाखवायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

आज दिसतो तो झेंडा २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने मंजूर केला. ठराव नेहरूंनी मांडला. त्याआधी राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली एक समिती झाली होती, तिच्यात मौलाना आझाद होते, सरोजिनी नायडू होत्या, डॉ. आंबेडकर होते. चरखा काढून सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र घेतले. याचे एक कारण नेहरूंनी भाषणात सांगितले ते मला फार आवडते, कारण ते शिंप्याचे कारण आहे. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. चरख्याची एका बाजूला चाती आणि दुसऱ्या बाजूला चाक, मागून पाहिले की उलटा दिसतो. चक्र कुठूनही पाहा, चक्रच.

चक्राच्या कल्पनेबद्दल लैला तय्यबजी यांनी आपल्या आईवडिलांची आठवण लिहिली आहे. दस्तकार या संस्थेच्या संस्थापक म्हणून अनेकांना त्या माहीत असतील. त्यांचे वडील बद्रुद्दीन फैज तय्यबजी आय.सी.एस. अधिकारी होते, मुंबईचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नातू. आई सुरैया. अशोकाच्या चक्राची कल्पना या दोघांना सुचली, आईने ते कागदावर रेखाटले आणि पहिला नमुना दिल्लीतल्या एका शिंप्याकडून तिच्या देखरेखीखाली शिवून घेतला, असे लैलाबाई सांगतात. वेंकय्यांचे नाव घेणारे याला मान्यता देत नाहीत, वाद चालू आहे. मला त्या वादात पडायचे नाही. तीन पट्ट्यांचा झेंडा १९२१ पासून घडत आला आणि चक्र १९४७ मध्ये आले, एवढे दोघांना मान्य असायला हरकत नाही. मला मोह होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शिंप्यासमोर उभे राहून "चक्र मधोमध बसलं पाहिजे हं" असे सांगणारी ती बाई डोळ्यांसमोर येते. आपण ब्लाउज शिवायला टाकताना उभ्या राहतो तशी.

त्या दिवशी सभागृहात मुस्लिम लीगचे चौधरी खलीकुझ्झमानही बोलले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, जो कोणी स्वतःला या देशाचा नागरिक मानतो तो या झेंड्याच्या इज्जतीसाठी त्याग करील, अशा आशयाचे ते बोलणे होते. पुढे काही महिन्यांतच ते स्वतः पाकिस्तानात गेले. इतिहास असा असतो, मुलांना तो तसाच सांगावा. आसामचे सर सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनीही पाठिंबा दिला. ते इथेच राहिले आणि संविधानाच्या मसुदा समितीत बसले.

आणि एक भाषण आमच्या डहाणू-तलासरीसाठी खास. छोटा नागपूरचे आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि म्हणाले, तुम्हाला वाटते झेंडा ही सुधारलेल्यांची मिरास आहे, पण झेंडे उभारणारे आणि त्यासाठी लढणारे पहिले आम्ही. आमच्या जत्रांत गावागावाचा झेंडा वेगळा, दुसऱ्या गावाने त्याची नक्कल करायची नाही. आता आमचे दोन झेंडे असतील, एक हजारो वर्षांचा आणि एक हा. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा. वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एरवी गप्प असणारा एक मुलगा ताठ बसला.

हे भाषण मला महिन्याभरातच पुन्हा उपयोगी पडले, तेही घरात. ईद-ए-मिलाद जवळ आली होती. माझ्या बहिणीचा मुलगा मोबाइल घेऊन आला. "खाला, बघ ना, बॅनरचं डिझाइन. जुलूसमध्ये सगळ्यात पुढे." तिरंगा होता, आणि मधले चक्र काढून तिथे चाँद-तारा बसवला होता. खालच्या पट्ट्यात मोठ्या अक्षरांत मिलादची मुबारकबाद.

माझ्या पोटात गोळा आला. त्याला म्हटले, "हे छापायला दिलंस?"

"उद्या देणार. का गं? मोहब्बतीनेच करतोय. दोन्ही एकत्र. ह्यात वाईट काय?"

वाईट त्याच्या मनात काही नव्हते, हेच तर दुःख आहे. मी त्याला समोर बसवले. १९७१ चा राष्ट्र प्रतिष्ठा अपमान प्रतिबंधक अधिनियम काढून दाखवला. राष्ट्रध्वजावर कोणत्याही प्रकारचा मजकूर लिहिणे हा त्यात अपमान धरला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कोणताही म्हणजे कोणताही. त्यात पक्षाचे नाव आले, क्रिकेटच्या सामन्यात लिहितात ते गावाचे नाव आले, देवाचे नाव आले, आपला कलमाही आला. कायद्यात मोहब्बतीने लिहिले तर चालेल असे कुठे नाही. गेल्या काही वर्षांत उत्तरेकडच्या राज्यांत मोहर्रम आणि मिलादच्या जुलूसमध्ये चक्राच्या जागी चाँद काढला किंवा अक्षरे लिहिली म्हणून गुन्हे दाखल झाले, पोरे आत गेली. वकिलाची फी बापाने भरली.

"म्हणजे झेंडा घ्यायचाच नाही?" तो चिडला.

"घ्यायचा. असेल तसा घ्यायचा. तुमचा हिरवा वेगळा, तिरंगा वेगळा. एका काठीवर दोन झेंडे बांधायचे नाहीत. मिरवणुकीत तिरंगा चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला, किंवा बाकीच्या झेंड्यांच्या रांगेपुढे मधोमध, एकटा."

मग त्याला जयपालसिंगांचे सांगितले. दोन झेंडे असायला अडचण नाही, एकाचे दुसऱ्यात मिसळण करायला आहे. सौदी अरबचेही उदाहरण दिले. त्यांच्या झेंड्यावर कलमा आहे, म्हणून दुखवट्यातही तो अर्ध्यावर उतरवत नाहीत आणि दोन्ही बाजूंनी कलमा सरळ वाचता येईल असा शिवतात. कलमा जिथे लिहिला तिथे त्याचे नियम वेगळे होतात. आपला तिरंगा दुखवट्यात अर्ध्यावर येतो, पावसात भिजतो, जीर्ण झाला की जाळला जातो. त्याच्यावर पाक शब्द लिहून उद्या त्याचे काय करणार होतास? हा प्रश्न त्याला कायद्यापेक्षा जास्त लागला. गप्प बसला.

हिरव्या झेंड्याबद्दलही दोन शब्द त्याला सांगितले, तुम्हालाही सांगते. दर्ग्यावर, जुलूसमध्ये आपण लावतो तो हिरवा झेंडा आणि पाकिस्तानचा झेंडा यात फरक आहे. त्यांच्या झेंड्याला काठीच्या बाजूला उभा पांढरा पट्टा असतो. कोणी गैरसमजाने किंवा मुद्दाम ओरडले तर भांडायला जाऊ नका, फरक शांतपणे दाखवा. आणि बाजारातून झेंडे आणताना स्वतः एकदा पाहून घ्या. छापणाऱ्याला फरक माहीत असतोच असे नाही.

बॅनर रद्द झाला. तिरंगा मात्र आला, खादीचा, तीन बाय दोन फुटांचा. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन असेच हवे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात हे मी त्याला सांगितले, तेव्हा म्हणाला, "आपल्याच महाराष्ट्रात?" ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे कापडही चालते, त्यामुळे ज्याला खादी परवडत नाही त्यानेही अवघडून जाऊ नये. मला मात्र खादीच आवडते.

बऱ्याच जणांना माहीत नसते की पूर्वी सामान्य माणसाला वर्षभर घरावर झेंडा लावायची मोकळीक नव्हती, ठरावीक राष्ट्रीय दिवशीच लावता येई. नवीन जिंदाल या उद्योजकाला त्याच्या कारखान्यावर झेंडा लावू दिला नाही, तो कोर्टात गेला, आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सन्मानाने झेंडा फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. जुलै २०२२ पासून घरावर तो रात्रीही ठेवता येतो. हक्क आहे, सक्ती नाही. कोणाच्या गॅलरीत आहे आणि कोणाच्या नाही याच्या याद्या करणाऱ्यांनी तो निकाल वाचावा.

एका पालक बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले होते, "टीचर, सलामी देणं म्हणजे इबादत तर होत नाही ना?" मी आलिम नाही, मसला सांगणे माझे काम नाही. पण ताजीम वेगळी आणि इबादत वेगळी एवढे आपल्याला घरातच शिकवलेले असते. वडीलधारे आले की आपण उठून उभे राहतो. आणि झेंडा धरणे म्हणजे काय हे आपल्याला नव्याने कळते असेही नाही. हिजरी ८ मधल्या मुअताच्या लढाईत हजरत जाफर बिन अबी तालिब (र.) यांनी दोन्ही हात तुटेपर्यंत झेंडा खाली पडू दिला नाही, ही हकीकत आपल्या दादी-नानीने सांगितलेली असते. ती बाई हे ऐकून म्हणाली, "हो की." अधिक शंका असेल तर आपल्या मौलाना साहेबांना विचारा, मी तरी एवढेच सांगू शकले.

एक नियम मला वाचताना थांबवून गेला. सैनिक किंवा शासकीय इतमामात ज्यांची अंत्ययात्रा निघते त्यांच्यावर झेंडा पांघरतात, केशरी पट्टा डोक्याकडे. पण तो कबरीत उतरवत नाहीत आणि चितेवरही ठेवत नाहीत. आधी काढून घेतात. कबर आणि चिता दोन्हींचा विचार एकाच वाक्यात करणारा नियम मी दुसरा पाहिलेला नाही.

घरच्यांसाठी किरकोळ पण उपयोगी गोष्टी. उभा टांगलात तर समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी यायला हवा. झेंडा जमिनीला किंवा पाण्याला टेकू देऊ नये. टेबलावर चादर म्हणून, रुमाल म्हणून, उशीवर, कमरेखालच्या कपड्यावर नाही. पोरे मोटारीच्या बॉनेटवर पांघरतात, तेही नाही. फाटका लावू नये, लावला नाही तरी चालेल. घडी घालताना केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या खाली दुमडायचे, मग दोन्ही बाजूंनी पांढरा असा मुडपायचा की वर फक्त चक्र आणि दोन रंगांच्या कडा दिसतील. दोन्ही तळहातांवर घेऊन न्यायचा. माझ्या अम्मीने हे पाहिले आणि म्हणाली, "जानमाज अशी नीट घडी घातली असतीस तर बरं झालं असतं." चला.

ती सहावीतली मुलगी आता आठवीत आहे. गेल्या वर्षीपासून आम्ही शाळेच्या कार्यालयाबाहेर बुटांचा एक रिकामा खोका ठेवतो, पंधराच्या दुपारपासून अठरापर्यंत. त्यावर तिच्याच अक्षरांत मराठी आणि उर्दूत लिहिले आहे: "झेंडे इथे ठेवा." पहिल्या वर्षी तिने धाकट्या भावाला घेऊन बाजारपेठेपासून किनाऱ्यापर्यंत फेरी मारली. दहीहंडीच्या मंडळातल्या दोन मुलांनी विचारले काय गोळा करताय, मग तीही वाकून शोधू लागली. कागदी एकशे चाळीस निघाले. ते वाळायला चार दिवस लागले, बाक पुरले नाहीत म्हणून प्रयोगशाळेच्या टेबलावर पसरले.

प्लास्टिकचे सत्तावीस झेंडे माझ्या कपाटात आहेत, पुसून, एकावर एक ठेवलेले. त्यांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. ती मुलगी दर आठवड्याला विचारते.